साखरेची नवी गोळी आणि ६३ व्या वर्षीचं मेडिकल

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ६३, राहणं म्हापशाला. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलंत. महिन्यातून एक-दोन रविवार पहाटे निघून साखळीवरून चोर्ला घाट चढता, बेळगावजवळ सांबऱ्याला पोचता आणि तासभर सेसना १७२ हे छोटं विमान उडवून परत येता. रक्तदाबासाठी आठ वर्षं मेटोप्रोलॉल चालू आहे, ते मेडिकलच्या, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीच्या, नोंदीत आहे. चार महिन्यांपूर्वी साखर निघाली. तुमच्या डॉक्टरांनी "सौम्य आहे, घाबरू नका" म्हणत एक गोळी सुरू केली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. मेडिकल संपायला तीन महिने उरलेत. आणि तुम्ही विचारता: "साखरेचं आत्ता सांगू, की हे मेडिकल होऊन जाऊ दे, मग बघू? सांगितलं तर लायसन्स गेलंच ना?" शिवाय अमेरिकेतला मेव्हणा गाडीच्या लायसन्सवर विमान उडवतो म्हणे, मग आपल्याकडेच एवढा व्याप का, हेही विचारलंत.

मी नौदलात डॉक्टर होतो. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये विमान-वैद्यक शिकलो आणि दाबोळीच्या हंसा तळावर बरीच वर्षं वैमानिक तपासले. निवृत्तीनंतर फोंड्याला प्रॅक्टिस करताना क्लास टू, म्हणजे खासगी वैमानिकांना लागणाऱ्या वैद्यकीय, तपासण्याही केल्या. आता करत नाही. म्हणजे तुमच्या कागदावर सही मी करणार नाही, आणि तुमचे रिपोर्टही मी पाहिलेले नाहीत. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. साखरेचं सांगा. तपासणीच्या दिवशी फॉर्म भरताना नव्हे, त्याआधीच, कागदपत्रं घेऊन सांगा. सांगितल्यामुळे लायसन्स जाण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरीच कमी आहे. आणि ती गोळी नेमकी कोणती हे नीट कळेपर्यंत एकट्याने उडू नका.

क्लास टूकडे बहुतेक जण शाळेच्या परीक्षेसारखं बघतात, पास की नापास. तपासणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालू असतो: हे प्रमाणपत्र चालू असेपर्यंत हा माणूस हवेत अचानक निकामी होण्याची शक्यता किती? विमान-वैद्यकात यासाठी 'एक टक्क्याचा नियम' वापरला जातो. एखाद्या आजारामुळे वैमानिक अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला १ टक्क्याच्या आत असेल, तर दोन वैमानिकांच्या विमानात ती चालवून घेता येते. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे तासाला ही शक्यता साधारण दहा लाखांत एक पडते. मोठ्या विमानात शेजारी दुसरा वैमानिक असतो, तो सावरून घेतो. तुमच्या सेसनात शेजारी तुमची नात बसलेली असते.

खासगी उड्डाणात तिकीट काढून बसलेले प्रवासी नसतात, विमान हलकं असतं, म्हणून क्लास टूचे निकष व्यावसायिक वैमानिकांच्या क्लास वनपेक्षा सैल ठेवले आहेत. नजरेचंच घ्या. ६/६ म्हणजे पूर्ण नजर; क्लास वनला प्रत्येक डोळ्याने ६/९ दिसावं लागतं, क्लास टूला ६/१२ चालतं, दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/९. चष्मा लावून चालेल. पण शुद्ध किंवा भान झटक्यात घालवणाऱ्या गोष्टींत अशी सवलत नाही. फिट येणं, विनाकारण चक्कर येऊन पडणं, हृदयाचे ठोके बिघडणं, यांत खासगी वैमानिकालाही सूट मिळत नाही.

म्हणून मी नेहमी रोगाच्या नावाआधी त्याची चाल बघत आलो. गुडघे दुखतात, ऐकू थोडं कमी येतं, जवळचं अंधुक दिसतं, हे हळूहळू येतं, माणसाला कळतं आणि त्यावर उपाय करता येतो. साखरही तशी सावकाश चालणारा रोग आहे. डोळे, मूत्रपिंडं, नसा, हृदय ती वर्षानुवर्षं पोखरते. पण साखरेची काही औषधं तासाभरात घात करतात. तुमच्या बाबतीत मला काळजी रोगाची कमी आणि त्या गोळीची जास्त वाटते, आणि तुमच्या प्रश्नात नेमकं तिचंच नाव नाही.

आता ती पट्टी हातात घ्या. पुढचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून द्या. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत आतले घटक छापलेले असतात, चष्मा लावून ते वाचा. तिथे एकटं मेटफॉर्मिन असेल तर माझी अर्धी काळजी मिटली. पण आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच गोळीत घालून देण्याची रीत आहे. "मी मेटफॉर्मिनच घेतो डॉक्टर" म्हणणाऱ्या माणसाच्या पट्टीमागे "ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ" असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा वाचलं आहे. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. औषधाच्या नावात 'ग्लि' सुरुवातीला असेल, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, तर थांबायचं. ही औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' किंवा 'ग्लिफ्लोझिन' असेल, म्हणजे सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारखं काही, तर ती वेगळ्या जातीची औषधं आहेत. एकटी किंवा मेटफॉर्मिनच्या जोडीने घेतली तर साखर धोकादायक पातळीखाली क्वचितच नेतात. मेटफॉर्मिन स्वतः मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर आवरतं, ते इन्शुलिनला जबरदस्तीने बाहेर काढत नाही.

आता तुमचा रविवार डोळ्यांसमोर आणा. चारला उठलात, साडेपाचला गोळी घेतली, चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली, कारण "बेळगावला पोचून नीट नाश्ता करू". घाटात धुकं, पुढे ट्रक, पोचायला उशीर. विमान शिकवणाऱ्या शाळेत गेल्यावर कळलं की विमान तयार आहे आणि थांबलात तर वेळ दुसऱ्याला जाईल. नाश्ता राहिला. उन्हात विमानाभोवती फिरून तपासणी केली, इंधनाची पातळी बघायला पंखापर्यंत चढउतार केली. ग्लिमेपिराइडचं रक्तातलं प्रमाण घेतल्यापासून दोन-तीन तासांत शिखरावर असतं. म्हणजे साधारण तुम्ही धावपट्टीच्या तोंडाशी उभे असाल तेव्हा.

रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू लागली की शरीर आरडाओरडा करतं: हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, भूक लागते. ही शरीराची सूचना असते. ती ऐकली नाही आणि साखर आणखी उतरली की मेंदू गोंधळतो, आणि गोंधळलेल्या मेंदूला आपण गोंधळलो आहोत हे समजत नाही. तुमच्या बाबतीत त्यात मेटोप्रोलॉलची भर आहे. त्या जातीची औषधं थरथर आणि धडधड झाकून टाकतात. जुन्या प्रोप्रॅनोलॉलपेक्षा मेटोप्रोलॉल कमी झाकतं, पण झाकतं. घाम तेवढा उरतो. आणि मे महिन्यात सेसनाच्या कॉकपिटमध्ये घाम आला तर त्याला कोण सूचना समजेल?

माझ्याकडे तपासणीला येणारे एक गृहस्थ होते, वय पासष्टच्या आसपास, स्वभावाने अत्यंत काटेकोर. एका सकाळी उड्डाणापूर्वी इंजिन तपासताना त्यांनी चेकलिस्टमधली मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) ओळ वाचली, किल्लीला हात लावला, हात मागे घेतला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. नशिबाने त्या दिवशी शेजारी इन्स्ट्रक्टर होते. त्यांनी "काका, बरं आहे ना?" विचारलं. उत्तर आलं, "एकदम ठीक." आवाज स्वच्छ, चेहऱ्यावर हसू. इन्स्ट्रक्टरांनी तरी इंजिन बंद केलं, कारण त्या माणसाला एकच ओळ दोनदा वाचताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शाळेतल्या एकाकडे ग्लुकोमीटर होतं. आकडा आला ५१. साखरेचं पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते पूर्ववत झाले. चेकलिस्ट कितीदा वाचली, यातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. ती गोळी त्यांनी शाळेला सांगितली नव्हती, मलाही नाही. दोन महिन्यांपूर्वीच मी त्यांच्या कागदावर सही केली होती. मी "नवीन काही औषध?" असं विचारलं होतं आणि "नाही" हे उत्तर पुरेसं मानलं होतं. त्या दिवसानंतर मी प्रत्येकाला पट्ट्याच घेऊन यायला सांगू लागलो.

तुमच्या डॉक्टरांचा यात दोष आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ग्लिमेपिराइड स्वस्त आहे, चांगलं काम करतं, आणि दुकानात बसणाऱ्या, वेळेवर जेवणाऱ्या माणसाला ते देण्यात काहीच चूक नाही. प्रश्न एवढाच, की तुम्ही विमान उडवता हे त्यांना माहीत आहे का? गोव्यात डॉक्टरला बंदरात, खाणीवर, बोटीवर काम करणारा पेशंट रोज भेटतो, वैमानिक नाही. तेव्हा जा आणि सरळ सांगा: "डॉक्टर, मी एकट्याने विमान उडवतो, साखर अचानक खाली जाणार नाही असं औषध मला चालेल का?" उत्तर तुमच्या मूत्रपिंडांवर, हृदयावर, वजनावर, साखर किती आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुमचे रिपोर्ट पाहिलेल्या डॉक्टरनेच द्यायचं. रक्तदाबाचं औषध बदलता येईल का, हेही त्याच वेळी विचारा. मेटोप्रोलॉल मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने हृदयावर उलटा ताण येतो.

नियम काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत इन्शुलिनवर असलेला मधुमेही अपात्र धरला आहे. इन्शुलिन लागत नसेल आणि आहाराने, किंवा आहाराच्या जोडीला उड्डाणाला सुरक्षित अशा तोंडावाटे घ्यायच्या औषधांनी साखर ताब्यात असेल, तर पात्र ठरवता येतं. आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) याच चौकटीत काम करतं. कोणतं औषध चालेल, कुठले रिपोर्ट लागतील, किती काळ थांबावं लागेल, हे तपशील वेळोवेळी बदलतात, ते तुमच्या क्लास टू तपासनिसाकडूनच घ्या. साधारणपणे मधुमेहतज्ज्ञाचं पत्र, एचबीए१सी, मूत्रपिंडाच्या तपासण्या, डोळ्याच्या पडद्याचा रिपोर्ट आणि बहुतेक वेळा ट्रेडमिल चाचणी मागितली जाते. औषध नवीन असेल तर काही आठवडे जमिनीवर राहून ते कसं लागू पडतं ते बघतात. या काळात "तात्पुरतं अनफिट" असा शेरा आला तर खचू नका. त्या शेऱ्यानंतर परत उडणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

एचबीए१सीबद्दल दोन शब्द. ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. चवथीत नेवऱ्या आणि पातोळ्या हाणून मग आठवडाभर उपास काढला, तर उपाशीपोटीची साखर सुंदर येते, एचबीए१सी मात्र सगळं सांगून टाकते. तुमच्याकडे तीन महिने आहेत, हे चांगलं आहे. औषध आत्ता बदललं, जेवण आणि चालणं आत्ता सुधारलं, तर तपासणीच्या दिवशी तुमच्या हातात नव्या गोळीवरचा खराखुरा आकडा असेल. घरी ग्लुकोमीटर घ्या. सकाळी उपाशीपोटी तर मोजाच, पण ज्या वेळी तुम्ही एरवी विमानात असता त्या वेळीही मोजा, आणि तारीख-वेळेसह वहीत लिहा. ती वही तपासनिसासमोर ठेवली की तुमच्याबद्दल जे मत बनतं, ते दहा सर्टिफिकेटांनी बनत नाही.

इथवरचा गोषवारा असा: पट्टीमागचं नाव वाचा, डॉक्टरांना उड्डाणाचं सांगा, ते म्हणतील तर औषध बदला, आकडे लिहायला लागा, आणि हे सगळं घेऊन तपासनिसाला आधीच फोन करा.

आता "मेडिकल होऊन जाऊ दे, मग बघू" याकडे येतो. तुमच्यासारख्या सज्जन माणसालाही हा विचार यावा, हे मी समजू शकतो. उतारवयात हाती आलेली गोष्ट कोणी काढून घेईल ही भीती फार खोल असते. पण एक तर तपासणीत लघवीतली साखर बघतात, रक्तही बघतात, तेव्हा लपवलेलं बाहेर येण्याची शक्यता मोठी, आणि मग प्रश्न साखरेचा न राहता तुमच्या शब्दाचा होतो. आणि समजा नाही आलं बाहेर, तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तेच "नाही" पुन्हा लिहावं लागतं. उद्या धावपट्टीवर साधा टायर फुटला तरी चौकशीत आणि विम्याच्या दाव्यात तुमची औषधं निघतील, आणि ज्याचा टायरशी काही संबंध नाही ते तुमच्या गळ्यात पडेल.

दुसरी बाजू अनेकांना ठाऊकच नसते. मेडिकलची तारीख शिल्लक आहे म्हणून उडायची मुभाही शिल्लक आहे असं नसतं. आपली प्रकृती सुरक्षित उड्डाणाच्या आड येईल इतकी बदलली आहे हे कळल्यावर लायसन्स वापरायचं नाही, ही जबाबदारी वैमानिकाची स्वतःची आहे. नवीन औषध सुरू झालं की पहिला फोन तपासनिसाला, दुसरा शाळेला. म्हणून तर वर म्हटलं, तोवर एकट्याने नको. इन्स्ट्रक्टर विमानाचा प्रमुख म्हणून शेजारी असेल तर बसा, हात चालू राहील.

डोळ्याचं. मोतीबिंदूने लायसन्स जात नाही. तक्त्यावर ६/९ वाचणाऱ्या माणसाला सकाळी अकरा वाजता झकास दिसतं, पण संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरताना त्याच डोळ्यात सूर्य फुटून पसरतो आणि धावपट्टी त्या पांढऱ्या धुरात विरघळते. सुरुवातीच्या मोतीबिंदूचा हा त्रास तक्ता दाखवत नाही. तुम्हाला घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती फाकलेले किरण दिसायला लागले असतील, तर डोळा तेच सांगतो आहे. असं असेल तर ऑपरेशन लांबवू नका. लेन्स निवडताना तुम्ही उडता हे सर्जनला सांगा. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स घरात सोयीची असते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं पाडते. वैमानिकाला मी नेहमी साधी मोनोफोकल आणि वरून चष्मा असंच सुचवत आलो. आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल, पूर्वी घेत होतात तरी, तेही सर्जनला आधी सांगा. त्या औषधाने बुबुळ ढिलं पडतं आणि माहीत नसेल तर ऑपरेशन अवघड होतं.

जवळच्या नजरेची चाचणी दोन अंतरांवर असते: एन५ हे बारीक अक्षर ३० ते ५० सेंटिमीटरवर, आणि एन१४ हे मोठं अक्षर एक मीटरवर, म्हणजे साधारण विमानातल्या घड्याळांच्या पट्ट्याइतक्या अंतरावर. दुकानातला वाचायचा चष्मा पहिल्याला चालतो, दुसऱ्याला अंधुक करतो. आणि लांबचं, मधलं, जवळचं असं सगळं एकाच चष्म्यात बसावं लागतं, शिवाय दुसरा चष्मा हाताशी हवा. नवा चष्मा झाला की थांबलेल्या विमानात संध्याकाळी, दिवे न लावता जाऊन बसा आणि अल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या) त्या छोट्या खिडकीतला दाबाचा आकडा वाचा. १०१३ की १०१८, हे मान पुढे न नेता कळलं तर चष्मा जमला. ही चाचणी कुठल्या फॉर्मवर नाही, पण मी प्रत्येकाला ती करायला लावत असे.

रक्तदाबाचं तुमचं आठ वर्षं व्यवस्थित आहे, त्यावर फार लिहीत नाही. तपासणीच्या दिवशी घाईत जिने चढून जाऊ नका. दहा मिनिटं शांत बसा आणि पहिला आकडा जास्त आला तर पुन्हा मोजायला सांगा, कोणताही समजूतदार तपासनीस मोजतो. ईसीजीच्या जुन्या प्रती सोबत न्या. साठीनंतर ईसीजीत एखादी खोड दिसतेच, आणि ती पाच वर्षांपूर्वीही तशीच होती हे दाखवता आलं तर पुढच्या निम्म्या चाचण्या टळतात. कानाला क्लास टूचा साधा निकष आहे: शांत खोलीत तपासनिसाकडे पाठ करून दोन मीटरवरचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं ऐकू यावं. घरी कोणाला तरी मागे उभं करून बघा.

याच वयात काही औषधं गुपचूप घरात शिरतात, त्यांचीही यादी करा. झोपेसाठी "अर्धीच" घेतलेली अल्प्राझोलाम: रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला तरुण माणसात अकरा तास लागतात, तर वयस्करांत सोळाच्या आसपास. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी नऊला विमानात तुमच्या सोबत असते. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन आणि सेटिरिझिनही सुस्ती आणतात. आणि हे आपल्याकडे हमखास राहून जातं: द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशी आसवं-अरिष्टं. त्यात आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. उड्डाणाआधी १२ तास मद्य नाही हा आपल्याकडचा नियम आहे, तो फेणीला लागतो तसा आजीच्या काढ्यालाही लागतो.

मेव्हण्याचं. अमेरिकेत १ मे २०१७ पासून बेसिकमेड नावाची सोय आहे. पण ती निव्वळ गाडीच्या लायसन्सवर नाही. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एकदा रीतसर मेडिकल झालेलं असावं लागतं, दर चार वर्षांनी डॉक्टरकडून ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणी आणि दर दोन वर्षांनी ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो, उंचीला आणि वेगाला मर्यादा आहेत; काही हृदयविकार, मेंदूचे आणि मानसिक आजार असतील तर आधी विशेष परवानगी लागते. फक्त गाडीच्या लायसन्सवर उडता येतं ते तिथल्या स्पोर्ट प्रकारात. ब्रिटनमध्येही खासगी वैमानिकाला स्वतःच्या प्रकृतीचं घोषणापत्र देण्याची सोय आहे. या सगळ्या पद्धती एका गृहीतावर उभ्या आहेत, की वैमानिक आपलं दुखणं खरं सांगेल. आपल्याकडे अशी सोय नाही आणि क्लास टू करावंच लागतं. ती यावी असं मलाही मनापासून वाटतं, विशेषतः जिथे तपासनीस गाठायला दिवस मोडतो अशा ठिकाणच्या लोकांसाठी. पण ती आली तरी तुमच्या आजच्या प्रश्नाचं उत्तर बदलणार नाही.

वयाची धास्ती घेऊ नका. ६५ ची मर्यादा ऐकता ती व्यावसायिक वाहतुकीची आहे, खासगी वैमानिकाला नाही. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मधल्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाच्या पन्नाशीनिमित्त १९८२ मध्ये तेच उड्डाण लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केलं, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. आंतरराष्ट्रीय मानकांत खासगी वैमानिकाच्या मेडिकलची मुदत चाळिशीपर्यंत पाच वर्षं, नंतर दोन वर्षं, आणि पन्नाशीनंतर एक वर्ष असावी अशी शिफारस आहे. तुम्ही मात्र तुमच्या असेसमेंटवर, म्हणजे मेडिकलच्या कागदावर, छापलेली तारीखच धरून चाला आणि शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

शेवटी तुमच्या त्या रविवारांबद्दल. तपासनीस हा प्रश्न विचारणार नाही, पण मला तो सतावतो. चारला उठून अडीच-तीन तास घाटातून गाडी चालवायची, उपाशीपोटी उडायचं आणि पुन्हा तेवढीच गाडी चालवत परत यायचं, हे चाळिशीच्या माणसालाही दमवणारं आहे. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळीच बेळगाव गाठा, रात्री तिथे राहा, सकाळी पोटभर खा, आणि विमानाकडे जाण्याआधी बोटाला सुई टोचून आकडा बघा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या, बॅगेत नव्हे, कारण बॅग मागच्या सीटवर असते.

पट्टीमागचं नाव जसंच्या तसं, मिलिग्रॅमसकट, इथे लिहा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) हातात असेल तर तेही. मग डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते आपण ठरवू.